तिसरी खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. ज्या खुर्चीसाठी माणसं एकमेकांचे गळे धरतात, ती मी नव्हे. मी साधी घडीची, लोखंडी खुर्ची.

माझी उमेदीची वर्षं अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, एका चर्चच्या तळघरात गेली. लग्नाचा केक आणि मयताची कॉफी, दोन्हींना मीच. चर्चने जुनं सामान काढलं तेव्हा आर्डिस हॉगनने मला घरी आणलं.

आर्डिस गावच्या दवाखान्यात बाळंतपणं करणारी नर्स. एके वर्षी तो विभाग बंद झाला. त्याच हिवाळ्यात एक पोर शहराच्या वाटेवर, बर्फात अडकलेल्या गाडीत बाळंत झाली. बाळ गेलं. आर्डिस दोन्ही मोठ्या पक्षांच्या दारी गेली. दोघंही म्हणाले, "बघू."

मग ती स्वतःच राज्याच्या विधानसभेला उभी राहिली, एका चिमुकल्या तिसऱ्या पक्षातर्फे. उमेदवारीसाठी सह्या हव्या होत्या. वाणसामानाच्या दुकानाबाहेर मला मांडून ती दिवस दिवस बसे. लोक सही करत आणि वर म्हणत, "बाई, तुमचं खरं आहे हो, पण निवडून थोडंच येणार तुम्ही?"

तिची जिवाभावाची मैत्रीण डोरीन तर तोंडावर म्हणाली, "अगं, मत वाया घालवू का मी? तू आमच्या पक्षाचीच मतं खाशील, आणि समोरचा तो मेला निवडून येईल!"

"माझी मतं मी खाल्ली तर कुणाचं काय जातं?" आर्डिस म्हणाली.

उमेदवारांची जाहीर चर्चा शाळेच्या सभागृहात होती. मंचावर दोनच खुर्च्या. आर्डिस मला काखेत मारून पोहोचली. दारातला माणूस ओशाळून म्हणाला, "मावशी, नियम आहे. दोघांनाच बोलावलंय." ती मला फाटकाशी उघडून बसली. आतल्या टाळ्या आम्ही दोघींनी थंडीत ऐकल्या.

आर्डिस सपाटून पडली. डोरीनला नको होता तोच माणूस निसटत्या मताधिक्याने निवडून आला, आणि डोरीनने बोलणं टाकलं. गाव म्हणे, हिनेच घात केला. आर्डिस त्या थंडीत फार थकली. मीही गॅरेजमध्ये गंजले.

पुढच्या निवडणुकीत मात्र दोन्ही पक्षांच्या पत्रकांवर ठळक अक्षरांत बाळंतपणाचा विभाग! आर्डिसला मिळालेली मतं दोघांनाही हवी होती. विभाग उघडला. फीत कापताना तिला कुणी बोलावलं नाही.

परवा डोरीन आली. गॅरेजात मला उघडून धप्पकन बसली.

"नात झाली. इथंच, गावात."

आर्डिसचे डोळे भरून आले. मग तिने विचारलं, "पुन्हा उभी राहिले तर मत देशील?"

"छे गं," डोरीन नाक पुसत म्हणाली. "वाया जाईल."

दोघी हसत सुटल्या. माझा गंजका पाय कुरकुरला. बायांनो, जरा हळू. माझ्यात आता फारसा जोर उरलेला नाही.