अंजूरच्या उघाडीची फळी

मी एक जुनी सागवानी फळी आहे आणि मित्रांनो, माझ्या छातीत मुठीएवढे भोक आहे. ते वाळवीने पाडलेले नाही, माणसाने पाडले आहे.

अंजूरच्या खाडीबांधात पाणी आत-बाहेर करायला एक दार आहे, त्याला उघाडी म्हणतात. चाळीस वर्षे मी त्या दारात उभी होते. एका अंगाला खारी खाडी, दुसऱ्या अंगाला पावसाच्या पाण्याचे गोडे तळे. भरती आली की उघाडी राखणारे नामाबाबा मला खाली सोडत, ओहोटीला वर ओढून तळ्यातले जास्तीचे पाणी बाहेर काढत. रोज सकाळी ते तळ्यात बोट बुडवून जिभेला लावत आणि ओंजळीत पाणी घेऊन त्यातले किडे पाहत. लोक त्यांना हसत.

तळे तुम्हाला शांत वाटत असेल, तर ते साफ खोटे आहे. माझ्या पायाशी दिवसभर कापाकापी चाले. चतुराची पिल्ले चिखलात दबा धरून बसत आणि डासाची अळी टप्प्यात आली की जबडा पुढे फेकून तिला फाडत. पाणविंचू त्या पिल्लांनाच धरून शोषून टाकत. या मारामारीवर गाव निवांत झोपत होते.

नामाबाबांचा मुलगा भूपेश मानकोलीच्या गोदामात माल चढवायचा. गेल्याच्या गेल्या वर्षी आश्विनात त्याची सहा वर्षांची सुकन्या तापाने फणफणली. डासांचा ताप, असे डॉक्टर म्हणाले. भूपेशचे डोके फिरले. सुक्या मासळीला मीठ चोळले की तिच्यात किडा पडत नाही, हे त्याने लहानपणापासून घरात पाहिले होते. मग तळे खारवले की डास मरणारच, असा त्याने हिशेब बांधला. अमावास्येच्या उधाणाला, भर दुपारी, तो पहार घेऊन बांधावर आला.

नामाबाबा हात पसरून मला पाठ लावून उभे राहिले. म्हणाले, "डास तल्यातलं न्हाय रं, तुज्या गोदामामागच्या टायरांतलं हायत. खारं पानी घेशील तं डास खानारंच मरतील."

"माजी पोर तापानं जलतंय आन् तू किडं मोजतंस?"

पहिला घाव माझ्या छातीत बसला. दुसरा बाबांच्या मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज लाकूड मोडल्यासारखाच होता. बाप खाली पडला तरी भूपेश थांबला नाही, घाव घालतच राहिला. मी चिरफळले आणि खाडी गरजत आत घुसली.

दोन दिवसांत चतुराची पिल्ले पोटे वर करून काठाला लागली. पाणविंचूही गेले. त्यांचा खच कुजला, कावळे त्यावर तुटून पडले. भूपेशला वाटले, आपण जिंकलो. पण खाडीकाठच्या डासांची एक जात खाऱ्या पाण्यातच वाढते, आणि आता तिला खाणारे कोणी उरले नव्हते. पंधरा दिवसांत तळ्यावरून त्यांचे ढग उठले. नुकत्याच बसत्या झालेल्या सुकन्येला पुन्हा ताप आला. या वेळी तो डोक्यात गेला. पोर वाचली, पण तिला आता ऐकू येत नाही.

उघाडीत नवी फळी आली. मला बांधावर बाकासारखे ठोकले आहे. गोदामामागचे टायर भूपेशने स्वतः उचलून नेले. बाबांचा उजवा हात दोर ओढत नाही, म्हणून भरती-ओहोटीला भूपेशच येतो. पाण्यात बोट बुडवून जिभेला लावतो. दोन पावसाळ्यांनी खार थोडा धुतला गेला. काल त्याच्या ओंजळीत चतुराचे एक पिल्लू आले. "बाबा, एक हाय," तो बांधावर उभ्या बापाला म्हणाला आणि माझ्यावर बसून हुंदके देऊन रडला. सुकन्या शेजारीच होती. तिला ते ऐकू गेले नाही. तिने त्याच्या ओंजळीत डोकावून पाहिले.

मित्रांनो, पाणी बदलण्याआधी त्यात कोण राहते, ते एकदा वाकून बघा. आणि हातातली पहार तेवढी आधी खाली ठेवा.