बेल्मोरिया भंगारात निघाली

"अगं, टेबलक्लॉथ ओला कशाला करतेस?" विनीनं विचारलं.

मेबलचा हात पाण्याच्या भांड्यासकट थबकला. बोट हेलकावली की ताटं घसरतात, म्हणून कापड आधी ओलं करायचं, हे तिच्या अंगवळणी पडलेलं. साउदम्प्टनच्या या दोन खोल्यांत काय घसरणार होतं, कपाळ!

"सवय गं मेली."

"ही जमीन आहे, ममा. हलत नाही." दोघी हसल्या.

मेबलचा नवरा बेल्मोरिया बोटीवर भट्टीत कोळसा मारायचा. तो न्यूमोनियानं गेला आणि कंपनीनं रिवाजाप्रमाणे त्याच्या विधवेला त्याच बोटीवर घेतलं, बायकांच्या केबिनी सांभाळायला. लहानग्या विनीला बहिणीच्या, फ्लॉरीच्या ओटीत घालून मेबल निघाली. काय तोरा होता तेव्हा त्या बोटीचा! मग महायुद्धात तिनं जखमी शिपाई वाहिले, पुढं कोळसा जाऊन तेल आलं, अमेरिकन शेठाण्या आल्या. दर खेपेला मेबल म्हणायची, "ही शेवटची फेरी." दर खेपेला विनी आणखी उंच झालेली असायची. शेवटी प्रवासीच आटले. आज बोटीला मोडायला ओढून नेणार होते.

"मागची खोली तुझीच हं," मेबल म्हणाली. "आता मी कुठं जात नाही. ये राहायला."

विनी आत गेली, पलंगाच्या कडेला टेकली. "छान आहे गं. पण आईला... फ्लॉरीमावशीला टाकून कशी येऊ? तिचे गुडघे किती दुखतात."

"माझे नाही दुखत?" मेबल फटकन बोलली आणि तिनं जीभ चावली.

"दुखत असतील. मला कधी दिसले नाहीत ना."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मेबल भांडली तरी असती.

बंदरातून भोंगा ऐकू आला. "तुझी बोट निघाली वाटतं. जायचं बघायला?"

"नको. तिलाच बघत बसले जन्मभर. चुकलंच माझं, विने."

विनीनं तिचा हात दाबला. जेवण झाल्यावर गालाला गाल लावून म्हणाली, "रविवारी येते हं," आणि फ्लॉरीकडे गेली.

मेबल मागच्या खोलीत आली. प्रवासी उतरला की केबिन लगेच पुढच्यासाठी लावायची, तशी तिनं चादर ओढून काढली, धुतलेली घातली, कोपरे घट्ट खोचले. काढलेल्या चादरीवर विनी टेकली होती तिथं थोडी चुणी पडली होती. ती चादर मेबलनं धुवायला टाकली नाही. तशीच घडी करून कपाटात ठेवली.