केंड्राची दुसरी परीक्षा

टॅनर होल्टच्या अर्जावर आपल्या आधी सही झाली, हे केंड्रा स्टोव्हॉलला टॅनरच्याच तोंडून कळलं. तो हँगरमध्ये धावत आला, हातातला कागद तिला दाखवत म्हणाला, "सार्जंट, झाली सही. कॅप्टननी उभ्या उभ्या केली. तुमचीही झाली असेल ना?"

केंड्रा हेलिकॉप्टरच्या शेपटीशी शिडीवर उभी होती. वैमानिक होण्याच्या परीक्षेसाठीचा तिचा अर्ज कॅप्टन रेडमनच्या टेबलावर पाच आठवडे पडून होता. टॅनरचा सोमवारी गेला होता, आणि आज गुरुवार. तिने पाना असा काही पिळला की बोल्टचे आटेच गेले. तो काढून तिला नवा बसवावा लागला.

अकरा वर्षं ती सैन्याची हेलिकॉप्टरं दुरुस्त करत होती. केंटकीतल्या तंबाखूच्या शेतावरून उठून तडक भरतीच्या ऑफिसात गेलेली मुलगी; कॉलेजची पायरी चढली नव्हती. पण नुसत्या आवाजावरून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायची. चार वर्षांपूर्वी वैमानिक अधिकारी होण्यासाठीच्या पात्रता परीक्षेला ती बसली आणि दोन गुणांनी आपटली. आपटली ती शब्दांवर. पेपरात 'ग्राउंड इफेक्ट' कशाला म्हणतात असं विचारलं होतं. हेलिकॉप्टर जमिनीलगत असलं की पात्यांखालची हवा त्याला आधार देते आणि ते कमी ताकदीत तरंगतं. जरा वर गेलं की त्याला दम लागतो. हे ती रोज डोळ्यांनी बघत होती. हँगरमध्ये त्याला सगळे 'गादी' म्हणत. पुस्तकातलं नाव तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि त्या परीक्षेला नापास झालेल्याला एकदाच पुन्हा बसता येतं.

मग तिने एक वही केली. डाव्या बाजूला हँगरचा शब्द, उजवीकडे पुस्तकातला. जेवणाच्या सुट्टीत सँडविच खाता खाता ती पाठ करायची. टॅनर तिच्या हाताखालचा, बावीस वर्षांचा. तो शेजारी येऊन बसायला लागला. पुस्तक वाचलं तरी त्याच्या डोक्यात काही शिरत नव्हतं. केंड्राने एकदा त्याला फिरत्या स्टुलावर बसवलं, पाय उचलायला लावले आणि हातात एक जड चाक दिलं.

"फिरव डावीकडे. जोरात."

चाक डावीकडे फिरलं आणि टॅनर स्टुलासकट उजवीकडे.

"बघ. पाती एकीकडे, धड दुसरीकडे. पुस्तकात याला काय म्हणतात?"

"टॉर्क."

"मग हेलिकॉप्टर भोवऱ्यासारखं गरगरत का नाही?"

"शेपटीचा पंखा धरून ठेवतो म्हणून."

"आणि त्या पंख्याला पायाने आवरतात. विसरलास तर पुन्हा स्टुलावर बसवीन."

असे तीन महिने गेले होते.

त्या गुरुवारी दुपारी ती कॅप्टनच्या खोलीत गेली. रेडमनने खुर्ची दाखवली. ती बसली नाही.

"सर, माझ्या अर्जाचं काय झालं?"

"चांगला आहे अर्ज," कॅप्टन म्हणाला. "पण खरं सांगू? तू गेलीस तर माझी अर्धी हेलिकॉप्टरं जमिनीवर बसतील. होल्टसारखे दहा मिळतात, तुझ्यासारखी एक मिळत नाही."

"म्हणजे काम नीट करते म्हणून सही नाही."

"वाकड्यात शिरू नकोस, सार्जंट. शिवाय एकदा नापास झालेली आहेस. होल्टकडे बघ, पोरगं स्वतःचं स्वतः शिकलंय."

"कोण म्हणालं?"

"तोच म्हणाला. मी विचारलं, कुणी शिकवलं? म्हणाला, एकट्यानेच वाचलं."

केंड्राची कानशिलं तापली. आवाज चढू नये म्हणून तिने एकेक शब्द तोलला. मग म्हणाली, "तुम्ही सही करत नाही, हे मला लिहून द्या."

"लिहून कशाला?"

"कर्नलना दाखवायला."

कॅप्टन हसला, आणि ती हसत नाही असं पाहून थांबला. लिहून मात्र त्याने दिलं नाही.

टॅनर हत्यारं पुसत होता. केंड्रा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"एकट्याने वाचलंस होय रे?"

तो लाल झाला. "सार्जंट, मला वाटलं, कुणाची मदत घेतली असं दिसलं तर..."

"तर काय? तुझं नाक कापलं गेलं असतं? पाठ करायला दिलेली माझी वही दे."

त्याने वही दिली. तिने ती हिसकावून खिशात कोंबली.

कॅप्टनच्या वरिष्ठ लेफ्टनंट कर्नल व्हिटेकर दर बुधवारी कुणालाही भेटत. आपण आपल्या कॅप्टनला डावलतोय आणि याची किंमत मोजावी लागणार, हे केंड्राला पक्कं माहीत होतं. तरी ती गेली. कर्नलबाईही काही गोड बोलल्या नाहीत.

"कॅप्टनला ओलांडून आलीस?"

"विचारून थकले, मग आले, मॅम. पाच आठवडे विचारतेय. नाही म्हणायचं तर नाही म्हणा, पण माझ्या कामावरून म्हणा. मी उपयोगाची आहे म्हणून नको."

कर्नलनी तिची नोकरीची फाइल चाळली आणि तिच्यासमोरच फोन उचलला. संध्याकाळी अर्ज सहीसकट परत आला. त्यासोबत कॅप्टनने लावलेली पुढच्या पाच शनिवार-रविवारची पहाऱ्याची ड्यूटीही आली. केंड्राने ती केली. फाटकाशेजारच्या चौकीत वही उघडून ती एकेक शब्द दात-ओठ खात पाठ करत राहिली. रागाने वाचलेलं जास्त लक्षात राहतं, असं ती पुढे सांगायची.

परीक्षा संगणकावर होती आणि गुण लगेच दिसले. पास व्हायला लागतात त्याहून एकवीस जास्त. ती बाहेर येऊन आपल्या पिकअपमध्ये बसली. आनंद व्हायला हवा होता. तिने स्टिअरिंगवर दोनदा मूठ आपटली. चार वर्षं, आणि वरून हे पाच आठवडे. ते कोण परत देणार होतं?

टॅनर तिच्या आधीच पास झाला होता. अलाबामाला उड्डाण शिकायला तो वसंतात निघाला. केंड्राची निवड पुढच्या तुकडीत झाली. निघायच्या दिवशी तो हँगरमध्ये आला आणि हात पुढे करून म्हणाला, "सार्जंट, चुकलं माझं. माफ करा."

"मला काय सांगतोस? खोटं जिथे बोललास तिथे जाऊन सांग. कॅप्टन आत आहेत."

टॅनरने बंद दाराकडे पाहिलं. "आता जाता जाता कशाला, सार्जंट? उगाच नोंद खराब होईल."

"मग जा."

पुढे केलेला हात त्याने खिशात घातला आणि तो गेला. पुढच्या वर्षी अलाबामात तो भेटला तर त्याला सलाम करावा लागणार होता, कारण तो आधी अधिकारी होणार होता. नियमच तो. केंड्रा सलाम करणार होती, बोलणार नव्हती.