उंबऱ्यातला बिशप

"घेऊन जा गं बाई तुझा हा लाटसाहेब," जॅकलिनने लेकीला दारातच सुनावलं. "मी मांडीवर घ्यायला मांजर मागितलं होतं, शोकेसमध्ये ठेवायला नाही."

विनी मुलुंडहून रिकामा पिंजरा घेऊन आली होती. तिने तो सोफ्यावर ठेवला. "ममा, शेवटचं विचारते. माझी मैत्रीण प्रियंका तिकडे घाटकोपरला वाट बघतेय. एकदा दिला की परत मागायचा नाही हां."

"नाही मागत."

लाटसाहेब म्हणजे बिशप, ब्रिटिश शॉर्टहेअर जातीचा बोका. रंग निळसर करडा, केस आखूड पण नव्या टॉवेलसारखे दाट, डोळे तांबूस, आणि गाल असे की रुसून फुगवलेत असं वाटावं. त्याच्या संथ, भारदस्त चालीवरून जॅकलिननेच त्याचं नाव ठेवलं होतं. मागच्या वर्षी तिचा नवरा मार्कस गेला आणि चेंबूरच्या गावठाणातलं घर एकदम ओकंबोकं झालं, तेव्हा विनीने आईच्या सोबतीला तो आणून दिला. त्याचं करण्यात जॅकलिनने काही कमी ठेवलं नाही. आठवड्याला ब्रश, उन्हाळ्यात फरशीवर ओलं फडकं. खाणं वाटीने मोजून, कारण ही जात आळशी, बसल्या बसल्या सुटते, असं डॉक्टरांनी बजावलेलं. पहिल्याच दिवशी तिने मोठ्या कौतुकाने ताजे बोंबील उकडून पुढ्यात ठेवले, तर साहेबांनी वास घेतला आणि तोंड फिरवून चालू पडले. शेजारची सुनंदा पोट धरून हसली. "तुमच्या घरचं मांजर आणि मासे खात नाही? आता काय बघायचं राहिलं, जॅकलिन."

तेही जॅकलिनने पोटात घातलं. पण उचलून घ्यावं तर तो लाकडासारखा ताठ व्हायचा, अंग सोडवून खाली उडी मारायचा आणि दोन हातांवर जाऊन बसायचा. ओरखडा नाही, गुरगुरणं नाही, नुसता नकार. ते मात्र तिला फार लागायचं.

"जन्म गेला एका मुक्या माणसाबरोबर," ती विनीला म्हणाली. "तुझ्या बापाने माझा हात धरला तो लग्नाच्या फोटोपुरता. आता म्हातारपणी मांजर मिळालं, तेही तसलंच. नशीबच मेलं माझं."

तिचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. मार्कस माहुलच्या रिफायनरीत फिटर होता. घरी यायचा, आंघोळ करायचा, आणि पेपर घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी स्टुलावर बसायचा. लांब पाय वाटेत. "पाय घे आत, तेल आहे हातात," जॅकलिन रोज खेकसायची. तो मुकाट्याने पाय आत घ्यायचा, पण उठायचा नाही. बोलायचाही नाही. दगडाला पाझर फुटेल, पण मार्कसच्या तोंडून शब्द फुटायचा नाही.

"ममा, ही जातच तशी," विनी म्हणाली. "उचललेलं खपत नाही त्यांना. मांडीवर नाही येत, पण माणूस ज्या खोलीत त्याच खोलीत येऊन बसतात. मी आणला तेव्हाच सांगितलेलं."

"बसतो ना. सारखा मेला पायात." जॅकलिन उठली. "थांब, सुरमई तळते. जेवून मग ने त्याला."

तवा तापला. बिशप सोफ्याखालून निघाला, पिंजऱ्याकडे ढुंकूनही न बघता स्वयंपाकघरापाशी आला आणि उंबऱ्यात बसला. शेपटी वाटेत आडवी. विनी पाणी घ्यायला आत आली, तिने त्याला ओलांडलं. जॅकलिन तळलेल्या तुकड्यांची ताटली घेऊन वळली.

"पाय घे आत, तेल आहे हातात."

तोंडातून आपसूक निघून गेलं. बिशपने वर बघितलं, शेपटी अंगाखाली ओढून घेतली आणि तिथेच बसून राहिला.

जॅकलिन ताटली धरून उभी राहिली. विनीने नळ बंद केला.

"विनी, तेव्हा हॉलमध्ये पंखा होता ना गं?"

"कधी?"

"डॅडी इथे बसायचा तेव्हा."

"होता की. इथे घामाने निथळायचा. तिकडे बस म्हटलं तर ऐकायचा नाही."

"मला वाटायचं, जेवायची घाई म्हणून बसतो." जॅकलिनने ताटली ओट्यावर ठेवली. गाऊनच्या बाहीने डोळे पुसले, मग पुन्हा पुसले. "रोज हाकलत होते गं मी त्याला."

विनीने आईच्या पाठीवर हात ठेवला. जरा वेळाने जॅकलिनने नाक ओढलं. "प्रियंकाला फोन कर. सांग, बोका नाही देत."

"कारण काय सांगू?"

"सांग, म्हातारीचं डोकं फिरलंय."

मग दोघी पोटभर जेवल्या. सुरमई झकास झाली होती.

संध्याकाळी विनी रिकामा पिंजरा घेऊन मुलुंडला गेली. जॅकलिनने चहा टाकला. बिशप आला आणि उंबऱ्यात ऐसपैस पसरला. कप घेऊन ती वळली, थांबली. मग अंग चोरून, चौकटीला घासून, एक शब्दही न बोलता त्याच्या बाजूने बाहेर गेली.