तिसऱ्या कडव्यातली शिंक

ऐंशीच्या दशकात ‘शून्य अंश’ नावाचा एक बँड होता. तिघे जण, खांदे फुगवलेले कोट, डोळ्यांत काजळ, आणि चेहरे असे की जणू घरात कोणी गेलंय. हसायचं नाही हा त्यांचा नियमच होता. सिंथेसायझरचे गारढोण सूर आणि मागे यंत्राचा ठोका. पोरं नुसती वेडी व्हायची. रेकॉर्डच्या कव्हरवर ‘ताल : यंत्र’ असं दिमाखात छापलं होतं. ती निव्वळ लोणकढी थाप होती.

यंत्र भाड्याचं होतं आणि रेकॉर्डिंगच्या दिवशी सकाळीच त्यातून धूर निघाला. मग ज्या ड्रमरला यंत्रापायी घरी बसवलं होतं, त्यालाच मिनतवाऱ्या करून बोलावलं. त्याला सगळे ठोक्या म्हणायचे. “यंत्रासारखं वाजव,” गायकाने बजावलं. “माणूस आहे असा संशयही येता कामा नये. आणि बाहेर कुठे बोलायचं नाही.” ठोक्या असा वाजवायला बसला की काय बिशाद एक ठोका इकडचा तिकडे होईल! फक्त तिसऱ्या कडव्यात त्याची नजर काचेपलीकडे गेली. तिथे त्याची होणारी बायको उभी होती, सर्दीने बेजार. नाक वर, तोंड उघडं, शिंक येते आणि येत नाही. ती शिंकेपर्यंत याची काठी हवेतच राहिली. ठोका उशिरा पडला. पुन्हा वाजवायला वेळ नव्हता, म्हणून तो तसाच राहिला.

पुढे बँड फुटला. ठोक्याने लाँड्रीत वाफेच्या इस्त्रीवर जन्म काढला, आणि नाव झालं ते यंत्राचं.

“सांगून टाक की लोकांना,” बायको म्हणायची.

“शब्द दिलाय,” हा म्हणायचा. खोटं बोलायचा शब्द पाळण्यात कसला आलाय मोठेपणा, पण याला कोण सांगणार!

ती मात्र रेडिओवर गाणं लागलं की हातातलं काम टाकून उभी राहायची. “आली बघ माझी शिंक!” घरच्या रेकॉर्डवर तिने तेवढीच जागा इतक्यांदा लावली, की तिथली रेघ झिजली आणि सुई नेमकी तिथूनच उडी मारायला लागली.

गेल्या थंडीत ती गेली. घर खायला उठलं. रेडिओवर आता ते गाणं लागत नव्हतं, जुन्या बाजारात रेकॉर्ड मिळत नव्हती, इंटरनेटवरही ते कुठे नव्हतं. ठोक्याने सुईवर नाणं ठेवून पाहिलं, फुंकर मारून पाहिली. सुई उडायची ती उडायचीच. आणि एक दिवस कळलं की ‘शून्य अंश’ची रेकॉर्ड मूळ टेपवरून नव्याने निघतेय. त्याला नाव नको होतं, पैसा नको होता. तो एक ठोका ऐकायचा होता.

स्टुडिओत गायक भेटला. पोट सुटलेलं, केस रंगवलेले. “ये ठोक्या! वहिनींचं कळलं. फार वाईट झालं.” मग कन्सोलवर बसलेल्या तरुण इंजिनियर मुलीला म्हणाला, “हा आमचा जुना ड्रमर. यंत्र यायच्या आधीचा.”

ठोक्याला याची सवय होती. “तिसरं कडवं ऐकव ना, बाळा.”

“टेपची फार वाईट अवस्था होती, काका,” ती उत्साहाने सांगू लागली. “एकदाच वाजली, मग वरचा मुलामा भुकटी होऊन हाताला आला. गाणं वाचलं. फक्त तिसऱ्या कडव्यात एक ठोका गेला.”

“गेला म्हणजे?”

“पुसला गेला. पण मी आधीचा ठोका उचलून तिथे बसवला, अगदी मापात. माणसाने वाजवलेला असता तर पंचाईत होती. यंत्राचं काय, सगळे सारखेच!”

ठोक्याने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

“यंत्र नव्हतं गं ते,” तो म्हणाला. “मी होतो. आणि तो मापात नव्हता. माझी बायको तिथे शिंकली होती.”

मुलीने गायकाकडे पाहिलं. गायक चष्मा पुसत राहिला. “खरं आहे,” तो शेवटी म्हणाला. वरातीमागून घोडं.

मुलीचा चेहरा उतरला. “मला आधी सांगायचं ना कोणीतरी! काका, किती उशिरा पडला होता? टेबलावर वाजवून दाखवा, तेवढा पुढे सरकवते मी.”

ठोक्याच्या जिवात जीव आला. तो टेबलाशी बसला. तिने गाणं लावलं. दोन कडवी त्याची बोटं बिनचूक चालली, या वयातही. मग ती जागा आली. त्याने हात उचलला, आणि तो उशिरा पडायच्या ऐवजी बरोबर वेळेवर पडला.

“पुन्हा लाव.”

तिने पुन्हा लावलं. ठोक्याने डोळे मिटले, बायकोचं वर गेलेलं नाक आठवलं, उघडं तोंड आठवलं. हात वेळेवर पडला.

“पुन्हा.”

तो आता रडत होता आणि त्याला लपवायचंही नव्हतं. किती वेळ थांबायचं ते फक्त बायकोलाच ठाऊक होतं. गायक म्हणाला, “राहू दे रे.” त्याने ऐकलं नाही. मुलीने पुन्हा गाणं लावलं, आणि तिसऱ्या कडव्यात त्याचा हात पुन्हा मापात पडला, यंत्रासारखा.