जबड्याखालची सूज

सहदेवची दाढ ठणकत होती, पण त्याच्या बायकोला, शेवंतीला, त्याचं फारसं काही वाटलं नव्हतं. ठाकुर्लीच्या त्यांच्या चाळीत जो तो दाढेखाली लवंग धरून कामाला जायचा. सहदेव शीळ रोडवरच्या एका सोसायटीत वॉचमन होता. त्याला शुगर होती, आणि तिच्या गोळ्या महापालिकेच्या दवाखान्यातून मिळायच्या. सोमवारी गोळ्या घ्यायला गेला तेव्हा त्याने डॉक्टर धम्मपालना दाढेचंही सांगितलं. मान वर न करता त्यांनी दुखण्याची गोळी लिहिली.

"दातांच्या मॅडम आता इथेच बसतात, समोरच्या खोलीत. पण गुरुवारी. तेव्हा या."

मंगळवारी ताप भरला, गाल सुजला. बुधवारी गाल उतरला तसं शेवंतीला हायसं वाटलं. मग तिच्या लक्षात आलं की सूज गेलेली नाही, खाली सरकली आहे. हनुवटीखाली, दोन्ही बाजूंना. शेकायला हात लावला तर लाकडाच्या फळीसारखं घट्ट लागलं. पेजेचा घोट त्याच्या तोंडातून तसाच ओघळून बाहेर आला.

"गिळा की."

त्याने नुसती मान हलवली. आडवा केला की धडपडून उठायचा. गुरुवारी उजाडलं तेव्हा तो खाटेच्या कडेला, गुडघ्यांवर हात टेकून पुढे वाकून बसला होता. मांडीवरच्या टॉवेलवर लाळ गळत होती.

दोघं रिक्षाने दवाखान्यात आले. दातांच्या खोलीपुढे रांग होती. सिस्टरने नाव विचारलं. सहदेवने सांगितलं, पण तोंडात गरम घास धरून बोलावं तसा आवाज आला. तेवढ्यात दातांच्या डॉक्टर रसिका मॅडम पुढच्या पेशंटला बोलवायला दारात आल्या होत्या. त्या तिथेच थांबल्या.

"आत्ता कोण बोललं?"

शेवंतीने नवऱ्याकडे बोट केलं. मॅडम त्याच्यासमोर खाली बसल्या. "काका, जीभ बाहेर काढा."

जीभ येईना. ती टाळूपर्यंत वर उचलली गेली होती. मॅडमनी हनुवटीखाली दाबून पाहिलं आणि हात मागे घेतला. त्यांचा चेहरा एकदम शांत झाला. शेवंतीला पहिल्यांदा भीती वाटली ती तो चेहरा बघून.

मॅडम समोर डॉक्टर धम्मपालच्या खोलीत गेल्या. "सर, लगेच या."

"दाढच आहे ना? माझी एवढी रांग संपू दे."

"दाढ राहिली बाजूला. त्यांचा श्वास बंद होईल."

डॉक्टर धम्मपाल आले, वाकून बघितलं आणि स्वतःच ॲम्ब्युलन्सला फोन लावला. शिरेत इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. शेवंतीच्या नजरेला नजर मात्र दिली नाही. "यांना झोपवू नका," ते ड्रायव्हरला म्हणाले. "काही झालं तरी बसवूनच न्या."

रसिका मॅडम गाडीत बसल्या. शीळफाट्याला टँकर आणि ट्रेलर एकमेकांना चिकटून उभे होते. सायरन वाजत राहिला, पण सरकायला कुणाला जागाच नव्हती. सहदेवच्या प्रत्येक श्वासाला बारीक शिट्टी वाजत होती. मॅडम ठाण्याच्या हॉस्पिटलशी फोनवर बोलत होत्या: "तोंडातून श्वासाची नळी जाणार नाही. मानेतून टाकावी लागेल. सर्जनना थांबवून ठेवा."

सहदेवने शेवंतीचं मनगट आवळून धरलं होतं. मग ती पकड हळूहळू सैल पडू लागली.

"अहो, धरा मला. अहो."

ड्रायव्हरने आरशात पाहिलं आणि गाडी उलट्या बाजूने घातली.

ठाण्यात त्याला तसंच बसवून आत नेलं. बाहेर आणलं तेव्हा मानेत नळी होती. पू काढला, दाढ काढली, तरी ताप उतरेना. विष छातीकडे उतरलं होतं. पुन्हा चिरावं लागलं. तो जगेल असं बरेच दिवस कुणी बोललं नाही.

तो जगला. अंगाने निम्मा होऊन घरी आला. तोवर सोसायटीने दुसरा वॉचमन ठेवला होता.

पुढच्या महिन्यात एका गुरुवारी शेवंती त्याच्या गोळ्या आणायला गेली. डॉक्टर धम्मपालनी बॅटरी हातात घेतली. "तुम्हीही आ करा."

"मला काही होत नाही."

"करा तरी."

त्यांनी बराच वेळ आत पाहिलं, मग उठले आणि तिला स्वतः समोरच्या खोलीत घेऊन गेले. रसिका मॅडमनीही पाहिलं.

"ही दाढ कधीपासून दुखतेय?"

"दुखत नाही."

"मुळाशी पू धरलाय. आजच काढू."

शेवंतीने खुर्चीचे हात घट्ट धरले. घरी नवरा एकटा होता. तिने डोळे मिटले आणि तोंड उघडलं.