लाटांची लांब रांग

मित्रांनो, तांब्याच्या ठोकळ्यावर बसवलेला, वाळूच्या कणाएवढा एक जुना लेसर आहे मी. १९७२ साली परदेशातून टपालाने नगरच्या एका कॉलेजात आलो. माझी डबी भौतिकशास्त्राच्या गिदोन सरांनी उघडली. आदल्याच महिन्यात त्यांची पत्नी रेबेका काविळीने गेली होती. सर रडले नाहीत, त्यांनी रजाही घेतली नाही.

माझ्यातून वीज वाहिली की डोळ्यांना न दिसणारा प्रकाश निघतो. वीज वाढवली की मी तापतो आणि त्या प्रकाशाची कंपनसंख्या सरकते. ती न तुटता लांबवर सरकवावी, अशी सरांची धडपड होती. जितकी लांब सरकेल तितकं अंतर बारकाईने मोजता येतं, आणि सरांना विहिरींचं उतरत चाललेलं पाणी काठावरून मोजायचं होतं. माझा प्रकाश एका काचेतून गेला की यंत्राच्या पडद्यावर लाटांची रांग उमटे. पण थोडं सरकून मी मध्येच उडी मारी आणि रांग तुटे. सर आकडा लिहीत, पुन्हा बटण फिरवीत. ना राग, ना कौतुक.

मला गार ठेवायला द्रवरूप नायट्रोजन लागे. प्रयोगशाळेचा शिपाई गहिनीनाथ तो कोल्हारच्या गायींच्या रेतन केंद्रातून एसटीने आणी. एके सकाळी तो रिकाम्या हाताने आला.

"सर, केंद्राची नायट्रोजनची गाडी आलीच न्हाई. तिथल्या गोठवलेल्या रेताच्या कांड्या खराब हुतील. आपल्याकडं उरलेला नायट्रोजनचा कॅन दिला तर वाचत्याल."

"घेऊन जा."

"मग तुमचं काम?"

"आधी लोकांच्या गायींचं बघ. जा."

तो गेल्यावर सरांनी मला तसंच, गार न करता जोडलं. वीज वाढवत नेली. दर वाढीबरोबर रांग लांबत गेली. तीस लाटा, पन्नास, सत्तर. एकही उडी नाही. सरांनी कॅमेरा उचलला आणि पडद्यावर नुसती सपाट रेघ उरली.

दुपारी गहिनीनाथ परतला. "काय झालं सर?"

"जळाला. मीच जाळला."

"रांग आली हुती का?"

"आली होती. फोटो राहिला."

गहिनीनाथने फडकं सोडून अर्धी भाकरी पुढे केली. "खाऊन घ्या. बाई गेल्यापासून तुमी डबाच आनला न्हाई."

सरांनी घास घेतला. दुसऱ्या घासाला हात थांबला.

"ती शेवटी मला हाका मारत होती, गहिनीनाथ. मी इथे होतो."

मग ते रडले, बराच वेळ. गहिनीनाथ जवळ बसून राहिला.

मित्रांनो, मला तेव्हा काहीच वाटलं नाही. आता मी कापसात गुंडाळून एका खणात पडलो आहे. मागणं एवढंच, की यंत्र तापलं तर ते बंद करा. आणि तुमच्या घरात कुणी बरेच दिवस मुकाट्याने काम करत असेल, तर त्याला जेवायला हाक मारा.